वेबवरचा माग आणि सामायिक गोपनीयता

वेबवरचे एखादे पान उघडले की वाचकाला मजकूर दिसतो. त्या मजकुराशेजारची जागा कोणत्या जाहिरातदाराला विकावी हे ठरवण्यासाठी वाचकाची माहिती त्याच क्षणी अनेक कंपन्यांकडे रवाना होते, ती मात्र दिसत नाही. या न दिसणाऱ्या व्यवहाराबद्दल साधारणपणे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, 'आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही, बघतात तर बघू देत.' दुसरे सावध माणसाचे असते: 'इन्कॉग्निटो वापरावे, परवानग्या नाकाराव्यात, व्हीपीएन घ्यावे, जो काळजी घेतो तो सुरक्षित राहतो.' वरवर ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दोन्हींच्या बुडाशी समजूत मात्र एकच आहे, की गोपनीयता ही ज्याच्या त्याच्या मालकीची चीज आहे आणि ती राखायची की सोडायची हे ज्याने त्याने ठरवावे.

ही समजूत उथळ आहे. वेबवर माग काढणाऱ्याला कोणाचे गुपित नको असते. त्याला माणसांचे गट पाडायचे असतात आणि एकाच्या वागण्यावरून दुसऱ्याविषयी अनुमान करायचे असते. त्यामुळे एकाने दिलेली माहिती दहांना लागू पडते आणि एकाची सावधगिरी त्याला स्वतःलाही पुरत नाही. या क्षेत्रातली गोपनीयता सामायिक आहे. तिचे रक्षण प्रत्येकाच्या वैयक्तिक संमतीवर सोपवणारी कोणतीही व्यवस्था अपुरी ठरते, आणि भारताचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा नेमका तिथेच कमी पडतो. पुढील विवेचनात उदाहरणासाठी पुण्याच्या दक्षिणेकडची बिबवेवाडी वारंवार येईल. बंगल्यांच्या सोसायट्या, मध्यमवर्गीय इमारती, अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्त्या, अभियांत्रिकीचे मोठे महाविद्यालय, कामगार विमा रुग्णालय आणि शेजारचा मार्केट यार्ड हे सारे एकमेकांना लागून असल्यामुळे, माणसांची वर्गवारी करणारी यंत्रणा काय करते हे तिथे स्पष्ट दिसते.

१. माग कसा निघतो

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या अभियंत्याने 'कुकी' तयार केली. अडचण साधी होती. वेब सर्व्हर प्रत्येक विनंती नवी समजतो. मागच्या पानावर ग्राहकाने खरेदीच्या यादीत काय टाकले हे त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवायची आणि पुढच्या भेटीत ती सर्व्हरला परत द्यायची. यात वावगे काही नव्हते. पण एकाच पानात अनेक ठिकाणांहून चित्रे आणि प्रोग्रॅम येतात, आणि त्यातले प्रत्येक ठिकाण आपापली कुकी ठेवू शकते. एखाद्या जाहिरात कंपनीचा तुकडा बातम्यांच्या, पाककृतींच्या आणि औषधांच्या साइटवर बसवलेला असेल, तर या तीन असंबद्ध ठिकाणी फिरणारा वाचक एकच आहे हे तिला कळते. हीच 'तृतीय पक्षाची कुकी'. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने फेब्रुवारी १९९७ च्या दस्तऐवजातच अशा कुकींना ब्राउझरने आपणहून वाट देऊ नये असे सुचवले होते. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मानले नाही. पुढच्या पाव शतकातला जाहिरातीचा धंदा त्या एका नकारावर वाढला. २०१६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दहा लाख साइटी तपासल्या तेव्हा सुमारे ७० टक्के ठिकाणी गूगल ॲनालिटिक्सचा तुकडा सापडला.

कुकी पुसता येते. ठसा पुसता येत नाही. पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, भाषा, कालविभाग, ग्राफिक्स चिपची चित्रे काढण्याची लकब अशा निरुपद्रवी तपशिलांच्या बेरजेतून ब्राउझरचा ठसा बनतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. मराठी फाँट आणि देवनागरी कळपाट बसवलेला संगणक जगाच्या बाजारात आणखी वेगळा उठून दिसतो.

ठिकाणाविषयी एक गैरसमज आहे. आयपी पत्त्यावरून घर कळते असे अनेकांना वाटते. भारतातल्या मोबाइल जोडणीत बरेचदा असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात; त्यावरून फार तर पुणे कळते, पुष्कळदा चुकून मुंबई दाखवली जाते. बिबवेवाडी कळते ती अन्य वाटांनी: नकाशाच्या वा हवामानाच्या ॲपला दिलेली ठिकाणाची परवानगी, खरेदीच्या खात्यात भरलेला ४११०३७ हा पिनकोड, घरच्या वायफायचे नाव. प्रत्येक धागा तुटका असतो. त्यांना जोडणारी गाठ म्हणजे लॉगिन. एकच ईमेल किंवा मोबाइल क्रमांक दहा ठिकाणी दिला, की फोनवरचा माणूस आणि लॅपटॉपवरचा माणूस एक होतो.

ही गाठ मारण्यासाठी किती खटपट केली जाते याचा पुरावा जून २०२५ मध्ये मिळाला. मेटा आणि यांडेक्स या कंपन्यांची ॲप अँड्रॉइड फोनमध्ये पार्श्वभूमीला बसून ब्राउझरमधल्या आपल्याच तुकड्यांशी फोनच्या आतल्या आत संधान बांधत होती, असे युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले. वाचकाने कुकी पुसली, इन्कॉग्निटो वापरले, तरी त्याची वेबवरची भेट त्याच्या खऱ्या खात्याशी जुळत होती. प्रकरण उघड झाल्यावर मेटाने हा प्रकार थांबवला. तोपर्यंत तो ओळखण्याचे कोणतेही साधन सामान्य वापरकर्त्याच्या हाती नव्हते.

२. क्षणार्धातला लिलाव

गोळा झालेला माग वापरला जातो तो लिलावात. पान उघडत असताना त्यावरची जाहिरातीची जागा विकायला निघते. एक निविदा-विनंती तयार होते. त्यात पानाचा पत्ता, विषयाचे वर्गीकरण, फोनचे मॉडेल, भाषा, अंदाजे ठिकाण आणि वाचकाला दिलेला सांकेतिक क्रमांक असतो. ती अनेक बोली लावणाऱ्यांकडे जाते, साधारण एक दशांश सेकंदात सर्वांत मोठी बोली जिंकते आणि तिची जाहिरात दिसते.

हे तंत्र कुठे तरी दूर घडते असे पुणेकराने समजू नये. प्रकाशकांच्या बाजूने असे लिलाव चालवणारी पबमॅटिक ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली. तिचे अभियांत्रिकीचे मोठे काम पहिल्यापासून पुण्यात चालते, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. या व्यवसायाचे ज्ञान शहरात आहे, त्यावर रोजगारही आहेत. म्हणून त्याच्या रचनेची चर्चा पुण्यात इतर कोणत्याही शहरापेक्षा जाणतेपणाने होऊ शकते, आणि व्हायला हवी.

या रचनेतली सर्वांत महत्त्वाची बाब सहसा सांगितली जात नाही. बोली एकच जिंकतो, पण विनंती सर्वांना मिळालेली असते. हरलेल्या कंपन्यांनीही ही व्यक्ती, या वेळी, या फोनवरून, हे पान वाचत होती, एवढे पाहिलेले असते. त्यांनी ते साठवू नये असे करार असतात; ते पाळले गेले की नाही हे वाचकाला, प्रकाशकाला आणि पुष्कळदा लिलाव चालवणाऱ्यालाही तपासता येत नाही. युरोपात या लिलावासाठी संमती नोंदवण्याची जी सामायिक पद्धत जाहिरात उद्योगाने बनवली होती, ती युरोपीय डेटा कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय बेल्जियमच्या प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. म्हणजे जगातला सर्वांत कडक समजला जाणारा कायदा लागू असतानाही संमतीची प्रत्यक्ष यंत्रणा कायद्याच्या कसोटीला उतरली नाही.

३. नावाची गरज नसते

'आम्ही नाव साठवत नाही' असे आश्वासन माग काढणाऱ्या कंपन्या देतात. बहुतेक वेळा ते खरे असते. त्याचा उपयोग मात्र नसतो, कारण नाव नसलेल्या नोंदीवरून माणूस ओळखणे सोपे आहे. संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले की पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखू येण्याचा संभव आहे. २०१३ मध्ये पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. ठिकाण आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळे काढायला पुरले. रात्री सुखसागरनगर, सकाळी सातला कात्रजचा तलाव, दुपारी हिंजवडी, रविवारी सासवड: एवढा क्रम असणारी माणसे पुण्यात किती असतील?

तरीही ओळख पटणे हा मुख्य धोका नाही. मुख्य धोका वर्गवारीचा आहे. जाहिरातीच्या बाजारात माणूस म्हणजे काही शक्यतांची यादी असते: मधुमेह असण्याची शक्यता, कर्जाची गरज असण्याची शक्यता, घर बदलण्याची, लग्न ठरवण्याची, नोकरी सोडण्याची शक्यता. पिनकोड ही जुनी आणि ढोबळ चाळणी होती. ४११०३७ मध्ये बंगला आणि पत्र्याची खोली दोन्ही येतात, त्यामुळे निव्वळ पिनकोडवर भेदभाव करणाऱ्याला अडखळावे लागे. वागणुकीचा माग ही अडचण दूर करतो. फोनचे मॉडेल, रिचार्जची रक्कम, शोधलेले शब्द, रात्री वापरण्याची वेळ यांवरून एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे भाव लावता येतात. एकाला गृहकर्जाची जाहिरात दिसते आणि दुसऱ्याला झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची.

यातला अन्याय झालेल्यालाच दिसत नाही. दुकानदाराने तोंडावर नकार दिला तर तो कळतो, त्याविरुद्ध बोलता येते. जी जाहिरात दाखवलीच गेली नाही तिची तक्रार कोण करणार? अमेरिकेत फेसबुकवर घरांच्या जाहिराती देताना काही वांशिक गट वगळता येतात हे २०१६ मध्ये पत्रकारांनी स्वतः जाहिरात देऊन शोधून काढले. वगळल्या गेलेल्या भाडेकरूंपैकी कोणालाही ते समजण्याचा मार्ग नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण विभागाने त्यावर कारवाई सुरू केली आणि २०२२ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड केली. घर भाड्याने देताना आडनाव, आहार, धर्म विचारला जाण्याचा अनुभव ज्या शहरात आहे, तिथे हीच निवड यंत्राकडे गेली तर ती अधिक न्याय्य होईल असे मानायला काही आधार नाही. ती फक्त अधिक शांतपणे होईल.

४. एकाची परवानगी, दुसऱ्याची माहिती

फेसबुकवरच्या लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात भारताचा वाटा किती होता हे फेसबुकने २०१८ मध्ये सांगितले. वादग्रस्त प्रश्नावलीचे ॲप भारतातल्या ३३५ जणांनी घेतले होते. माहिती बाहेर गेल्याची शक्यता होती ती सुमारे ५.६२ लाख लोकांची. उरलेल्या पाच लाखांहून अधिक लोकांनी काहीही दाबले नव्हते, कशालाही होकार दिला नव्हता. ते फक्त कोणाचे तरी मित्र होते. संमती ही वैयक्तिक बाब आहे या सिद्धांताचा यापेक्षा स्पष्ट पराभव आकड्यांत मांडणे कठीण आहे.

अशी गळती तीन प्रकारे होते, आणि तिन्ही वेगळ्या समजून घ्याव्या लागतात.

पहिली थेट. संपर्कयादी वाचण्याची परवानगी देणारा आपल्या फोनमधल्या प्रत्येकाच्या वतीने परवानगी देतो. कर्ज देणाऱ्या ॲपनी याचा क्रूर वापर केला: हप्ता चुकला की कर्जदाराच्या भावाला, शिक्षकाला, मालकाला धमक्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँकेला २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा ॲपना फोनमधील संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फाइली पाहण्यास मनाई करावी लागली. इथे नियामकाने 'ग्राहकाने विचार करून परवानगी द्यावी' असे म्हटले नाही. परवानगी मागायलाच बंदी केली. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

दुसरी गळती घराची. भारतात एक फोन अनेकदा एका माणसाचा नसतो. आईच्या फोनवर मुलगी गृहपाठ शोधते, मुलाच्या खात्यावर वडील औषध मागवतात, एका वायफायवर सासू, सून आणि भाडेकरू असतात. त्यांच्या मागाची सरमिसळ होते. सुनेने गुपचूप केलेला गर्भधारणेविषयीचा शोध सासूच्या पडद्यावर बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती होऊन येऊ शकतो. इथे सासूने परवानगी दिली होती आणि सुनेनेही. त्या दोन परवानग्यांतून जे घडले त्याला कोणाचीच परवानगी नव्हती.

तिसरी गळती अनुमानाची, आणि ती सर्वांत खोल आहे. हजार माणसांनी आपले उत्पन्न, आजार आणि वाचन यांची माहिती खुशीने दिली, की त्यांवरून एक नमुना बनतो. मग ज्या माणसाने फक्त वाचनाची खूण सोडली त्याचे उत्पन्न आणि आजार यांचा अंदाज त्या नमुन्यावरून काढता येतो. जाहिरात कंपन्या 'तुमच्या ग्राहकांसारखे आणखी लोक' शोधून देतात ते असेच. इथे सावध माणसाविरुद्ध वापरलेली माहिती त्याची नसतेच, शेजाऱ्यांची असते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत एका घराने घाण सोडली तर स्वतःचा नळ स्वच्छ ठेवून भागत नाही. मागाच्या बाबतीत प्रत्येक घर एकाच टाकीला जोडलेले आहे.

५. सावधगिरी कुठपर्यंत पुरते

सावधगिरी निरर्थक नाही. सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. ठिकाणाची परवानगी काढून घेणे, फोनचा जाहिरात क्रमांक पुसणे, माग अडवणारे विस्तार वापरणे यांनी माग नक्कीच पातळ होतो. ज्याला जमेल त्याने हे करावे.

पण तिच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. इन्कॉग्निटो फक्त त्याच उपकरणावरचा इतिहास लपवते. या खिडकीतही गूगल माहिती गोळा करत असल्याबद्दल अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला, आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. व्हीपीएन माग नाहीसा करत नाही. इंटरनेट पुरवठादाराला जे दिसे ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते, आणि लॉगिन केलेल्या साइटला पूर्वीइतकेच दिसते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवायला सांगितली, तेव्हा अनेक परदेशी सेवांनी भारतातले सर्व्हर बंद केले. संरक्षणासाठी घेतलेले साधन स्वतःच माग काढू शकते हेही सिद्ध झाले आहे: अँटिव्हायरस विकणाऱ्या अवास्ट कंपनीने ग्राहकांचा ब्राउझिंगचा इतिहास उपकंपनीमार्फत विकला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली.

खरा निर्णय होतो तो मूळ मांडणीत. जगातील सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर क्रोम. तृतीय पक्षाच्या कुकी दोन वर्षांत बंद करू असे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार वाढवली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला त्याबद्दल वेगळे विचारण्याचा विचारही रद्द केला. भारतातल्या बहुसंख्य अँड्रॉइड फोनांत क्रोम आधीपासून बसवलेला येतो. मार्केट यार्डातल्या हमालाच्या फोनवर आणि बिबवेवाडीच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या प्राध्यापकाच्या फोनवर मुळात तीच मांडणी असते. ती बदलण्याचे ज्ञान मात्र दोघांकडे सारखे नसते. गोपनीयता सावधगिरीवर सोडली, की ती शिकलेल्यांची सवलत होते.

६. आक्षेप

'लपवण्यासारखे काही नाही.' या आक्षेपात गोपनीयता म्हणजे गुन्ह्यावरचे पांघरूण असे गृहीत धरलेले आहे. वर दाखवल्याप्रमाणे माग काढणाऱ्याला गुन्हा नकोच असतो. त्याला सामान्य आयुष्य हवे असते. आणि आज लपवण्यासारखे काय नाही हे उद्याचा पाहणारा ठरवतो. आज निरागस असलेले वाचन विम्याच्या हप्त्याला, नोकरीच्या छाननीला किंवा एखाद्या चौकशीला कसे दिसेल हे वाचणाऱ्याच्या हाती नसते.

'गोपनीयता ही पाश्चात्त्य कल्पना आहे. वाड्यात आणि चाळीत कोणाचे काय झाकून राहत होते?' हा आक्षेप मराठी वाचकाला आपलासा वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. वाड्यात पाहणे दोन्हीकडून होते. शेजारीण पाहत होती आणि तिलाही पाहिले जात होते. तिचे नाव, तोंड, तिचा स्वभाव सर्वांना ठाऊक होता, आणि तिने मर्यादा ओलांडली तर तिला जाब विचारता येत होता. वाड्याची स्मृतीही माणसांच्या मनात होती आणि ती विसरत होती. ते जीवन सुखाचेच होते असे नाही. बायकांना आणि जातीच्या उतरंडीत खालच्या मानल्या गेलेल्यांना त्या नजरेचा काच फार होता. पण वेबवरचा पाहणारा अदृश्य आहे, त्याला पाहता येत नाही आणि तो विसरत नाही. या दोन गोष्टींना एकाच माळेत ओवता येत नाही. शिवाय, उंबऱ्याच्या आत परक्याने शिरू नये ही भावना पुण्याला बाहेरून शिकावी लागली नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या अधिपत्याखालील समितीने सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रोगाचा प्रतिबंध हा हेतू योग्य होता. तरीही देवघर, स्वयंपाकघर आणि बायकांचा वावर असलेल्या खोल्या यांत शिपाई घुसले याचा संताप संपूर्ण शहरात उसळला. ज्यांच्या घरी रोगी नव्हता, म्हणजे लपवण्यासारखे काही नव्हते, त्यांचाही तो संताप होता.

'जाहिराती नसतील तर फुकट वाचायला कसे मिळणार? मराठी वृत्तपत्रांच्या साइटी बंद पडतील.' तीन आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आहे. मराठी प्रकाशनांचे अर्थकारण नाजूक आहे आणि त्यांना दुखवून मिळालेली गोपनीयता महाग पडेल. पण जाहिरात आणि माग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील वृत्तपत्रे दीड शतक वाचकाचा पाठलाग न करता जाहिरातींवर चालली. शेतीच्या पानावर बियाण्यांची, दिवाळी अंकात सोन्याची जाहिरात येत राहिली. मजकुरावरून जाहिरात ठरवण्याची ही पद्धत वेबवरही चालते. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची जाहिरात शाखा स्टर हिने २०२० च्या सुरुवातीला माग काढणाऱ्या कुकी बंद करून मजकुरावर आधारित जाहिराती घेतल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिचे उत्पन्न वाढले. प्रत्येक प्रकाशकाचे असेच होईल असे यावरून सिद्ध होत नाही, पण 'माग नाही तर उत्पन्न नाही' हे विधान मात्र खोटे ठरते. उलट, मागाच्या बाजारात प्रकाशकाच्या वाट्याला काय उरते ते मधल्या दलालांवर अवलंबून असते: प्रकाशकांसाठीच्या जाहिरात तंत्राच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निर्णय व्हर्जिनियातील अमेरिकी न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

७. कायदा कुठे थांबला

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे होते. नागपूरचे शरद बोबडे यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. याच निकालाने आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारणारा १९७६ चा जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा ठरवला. त्या निर्णयाच्या बहुमतात पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात आणि विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चंद्रचूड, म्हणजे धनंजय चंद्रचूडांचे वडील होते. राज्यसंस्थेवर विश्वास ठेवून हक्क तिच्या मर्जीवर सोपवणे किती महाग पडते, हे या दोन निकालांच्या मधल्या ४१ वर्षांत दिसून आले होते.

२०१७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी समिती नेमली गेली. तिने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात एक मोलाचे कलम होते: माहिती हाताळणाऱ्याने ती न्याय्य आणि वाजवी रीतीनेच हाताळली पाहिजे, संमती असो वा नसो. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हे सर्वसाधारण कर्तव्य नाही. संमतीविषयीच्या तरतुदी मात्र नेटक्या आहेत: संमतीची विनंती मराठीसह संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळाली पाहिजे, दिलेली संमती तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे, आणि सुरक्षेतील हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठीतली सूचना ही खरी सुधारणा आहे. पण मराठीत नीट समजून दिलेली संमतीही चौथ्या भागात वर्णन केलेल्या गळत्या थांबवत नाही.

याच्या जोडीला सरकारला दिलेल्या सवलती आहेत. कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेने कायद्यातून वगळू शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी माहिती हाताळणाऱ्यांना वैयक्तिक माहिती आणि वाहतुकीच्या नोंदी किमान एक वर्ष जपायला लावले आहे, म्हणजे जी माहिती लवकर नष्ट व्हावी तीच कायद्याने टिकवली जाते. आणि याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्याच्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमातला सार्वजनिक हिताचा अपवाद काढून तिथे सरसकट सूट आणली. नागरिकाची बाजू उघडी राहावी आणि अधिकाऱ्याची झाकली जावी, असा हा उलटा परिणाम आहे. राज्य स्तरावर माहिती अधिकाराचा कायदा आधी करणाऱ्या महाराष्ट्राने तो निमूटपणे स्वीकारू नये.

८. बंदीची वाट कायद्यातच आहे

संमतीच्या पलीकडे जाणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर याच कायद्यात मिळते. कलम ९ म्हणते की १८ वर्षांखालील मुलांचा माग काढू नये, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत. सरकारला यातून काहींना सूट देण्याची मुभा आहे, पण तत्त्व स्पष्ट आहे: पालकाने होकार दिला तरी ही बंदी सरत नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपबाबत हेच केले. म्हणजे माग हा करारापलीकडचा विषय आहे हे भारतीय कायद्याला मान्य आहे, फक्त ते मुलांपुरते आणि कर्जदारांपुरते.

ही वयाची रेषा टिकणारी नाही. बिबवेवाडीतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा आणि अठरा वर्षांची मुले एका बाकावर बसतात, एका वायफायवर असतात, तीच पाने वाचतात. एकाचा माग काढणे बेकायदा आणि दुसऱ्याचा कायदेशीर, आणि दुसऱ्याच्या मागावरून पहिल्याविषयीचा अंदाज आपोआप. शिवाय कोण अठराच्या खाली आहे हे कळण्यासाठी प्रत्येकाचे वय तपासावे लागते, म्हणजे संरक्षणासाठी आणखी माहिती गोळा करावी लागते. बंदी सर्वांना लागू केली तर ही तपासणीच नको होते.

त्यामुळे मागणी नेमकी करता येते. विविध साइटींवरच्या वागणुकीचा माग जोडून त्यावर जाहिरात दाखवणे सर्व वयांसाठी बंद व्हावे. मजकुरावर आधारित जाहिरातीला पूर्ण मोकळीक असावी. लिलावाच्या विनंतीत व्यक्तीला ओळखणारा क्रमांक आणि नेमके ठिकाण घालण्यास मनाई असावी, जेणेकरून हरलेल्या बोलीदाराच्या हाती काही उरणार नाही. ब्राउझरने पाठवलेला 'माग नको' हा संकेत कायद्याने बंधनकारक मानला जावा. कॅलिफोर्नियात तो मानला जातो. तो न पाळल्याबद्दल तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला १२ लाख डॉलर भरावे लागले, आणि जानेवारी २०२७ पासून प्रत्येक ब्राउझरने अशी सोय देण्याचा कायदाही तिथे झाला आहे. आणि न्याय्य हाताळणीचे श्रीकृष्ण समितीचे कलम परत आणले जावे.

२०२५ च्या नियमांतील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, ती मे २०२७ मध्ये संपते. कलम ९ मधली मनाई प्रौढांनाही लागू करण्याची दुरुस्ती त्याआधी संसदेपुढे यावी, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी ती मांडावी यासाठी त्यांच्या मतदारांनी त्यांना आत्ताच लिहावे.